खोटी चिठ्ठी, खरा रानपिंगळा

२५ नोव्हेंबर १९९७. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या रानात सकाळच्या उन्हात तीन अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पायी फिरत होते: पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट. पूर्वेकडे छत्तीसगडच्या बाजूची रानं धुंडाळून, रिकाम्या हातानं ते इकडे आले होते. एका बोडक्या झाडाच्या शेंड्यावर एक लहानसं घुबड खुशाल ऊन खात बसलेलं किंग यांना दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. दुर्बिणी वर गेल्या, पाठोपाठ कॅमेरा. संग्रहालयांच्या कपाटांत मोजून सात नमुने असलेला आणि १८८४ नंतर कुणीही खात्रीनं न पाहिलेला रानपिंगळा समोर बसला होता. एकशे तेरा वर्षांनी.

नंदुरबार जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो १९९८ च्या जुलैत झाला. म्हणजे हा पक्षी परत सापडला तो कागदोपत्री धुळे जिल्ह्यात. आणि हरवला होता तो जुन्या, अखंड खानदेश जिल्ह्यात. या गोष्टीत कागदोपत्री काय आहे आणि रानात काय आहे, यातली ओढाताण शेवटपर्यंत चालते, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

कोणता पिंगळा?

पिंगळा मराठी माणसाला नवा नाही. वडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या वळचणीला, रस्त्याच्या दिव्याखाली तिन्हीसांजेला चिरचिर करत भांडणारा तो ठिपकेवाला पिंगळा. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत येणाऱ्या भटक्या जमातीलाही आपण पिंगळाच म्हणतो, कारण त्यांना या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. रानपिंगळा याचाच भाऊबंद, अंगानं किंचित थोराड, साधारण २३ सेंटिमीटर लांबीचा. गावात तो येत नाही.

ओळखायची खूण डोक्यावर आहे. साध्या पिंगळ्याच्या कपाळाडोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची शिंपण असते, रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ एकरंगी, राखट तपकिरी. छातीचा वरचा भाग गडद, खाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. चोच आणि नख्या अंगाच्या मानानं दणकट. त्याच रानात जंगली पिंगळाही असतो, पण त्याच्या अंगभर बारीक आडवे पट्टे असतात, त्यामुळे तिथे फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो ठिपकेवाल्याशी. १९६८ साली नागपूरकडे काढलेला एक फोटो रानपिंगळ्याचा म्हणून गाजला होता, नीट तपासल्यावर तो साधा पिंगळा निघाला.

दुसरी खूण सवयीची. घुबड म्हटलं की रात्र, हे समीकरण इथे चालत नाही. रानपिंगळा दिवसा, त्यातही सकाळी, चांगला जागा असतो. झाडाच्या उघड्या शेंड्यावर बसून ऊन घेतो, शेपटी झटकत राहतो आणि तिथूनच पाली-सरडे, उंदीर, बेडूक, मोठे किडे यांच्यावर झडप घालतो. इतका उघड्यावर बसणारा पक्षी शतकभर कुणाला दिसू नये, हे कोडं पडतं ते म्हणूनच.

सात नमुने आणि एक चिठ्ठी

१८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रायपूर आणि संबळपूर यांच्या दरम्यान, आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझरच्या मुलखात एक घुबड मारलं. पुढच्या वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध करून शास्त्रीय नावात ब्लेविटला अमर केलं. हे ह्यूम तेच, ज्यांचं नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलं. पक्ष्यांच्या जगात त्यांचा दबदबा त्याहून जुना. नंतर भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना त्याच पूर्वेकडच्या पट्ट्यात आणखी एक मिळालं. आणि मग खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्याच्या रानातून पाच नमुने गोळा केले. झाले सात. त्यानंतर सामसूम.

सामसूम, पण एक अपवाद सोडून. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहात नंतरच्या तारखेचा एक नमुना होता. नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे सुरत जिल्ह्यातलं मांडवी. या एका चिठ्ठीनं दोन गोष्टी केल्या. पक्ष्याची शेवटची नोंद तीस वर्षांनी पुढे ओढली, आणि शोधणाऱ्यांच्या नकाशावर एक जागा वाढवली. सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर या घुबडाचा शोध घेतला, तेव्हा मांडवी हे नाव नोंदींत पक्कं बसलेलं होतं. हाती काही लागलं नाही. पक्षी संपला असावा, असंच बहुतेकांनी मनाशी धरलं.

माइनर्ट्‌झहागेन हे प्रकरण वेगळंच. सैनिक, गुप्तहेर, पक्षीसंग्राहक, आणि स्वतःविषयी रंगवून सांगण्यात पटाईत. नमुने लांबवत असल्याच्या संशयावरून १९१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या पक्षी विभागात त्यांना काही काळ प्रवेश बंद होता. तरी १९५४ मध्ये त्यांचा सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह त्याच संग्रहालयानं मानानं स्वीकारला! चोरीचा माल मूळ मालकाला भेट देण्याचा असा देखणा प्रकार क्वचितच घडला असेल. १९९० च्या दशकात पक्षीतज्ज्ञ अॅलन नॉक्स यांनी त्यातल्या काही नमुन्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचं दाखवून दिलं आणि मग सगळा संग्रहच संशयाखाली आला.

रासमुसेन तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या ग्रंथावर काम करत होत्या. प्रत्येक पक्ष्याचा नकाशा काढायचा, तर प्रत्येक नोंद तपासायला हवी. पक्षीअभ्यासक निगेल कॉलर यांच्यासह त्यांनी मांडवीच्या नमुन्याची अक्षरशः उत्तरीय तपासणी केली. एक्स-रे काढले, आत भरलेला कापूस, शिवण, सांधे बघितले. कातडं सोलून पक्षी भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. मांडवीच्या घुबडात आत जुना हात होता डेव्हिडसनचा, आणि वरून दुसऱ्या कुणीतरी उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा होत्या. खानदेशातून गेलेला नमुना संग्रहालयातून उचलून, नवी चिठ्ठी बांधून मांडवीचा केला होता. शहाद्याचं घुबड कागदावर गुजरातेत गेलं ते असं. हा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचा उपयोग आधीच झाला होता. मांडवी बाद केल्यावर खऱ्या जागा दोनच उरल्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पूर्वेला मिळाला नाही. पश्चिमेला, डेव्हिडसनच्या मुलखात, मिळाला.

मला या सगळ्यात सर्वात बोचणारी गोष्ट फसवणूक नाही. डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर शहादा आणि तळोदा ही नावं शंभर वर्षं लिहिलेलीच होती. तिथे जाऊन नोव्हेंबरच्या सकाळी चार दिवस चिकाटीनं फिरायला इतका काळ लागला. आणि पायथ्याच्या पाड्यांवर राहणाऱ्या पावरा-भिल्लांच्या लेखी हा पक्षी कधी हरवला होता का, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं असेल असंही वाटत नाही.

सापडल्यावरचं काम

बातमी झाली, कौतुक झालं, आणि मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी कष्टाचं काम हातात घेतलं. जुन्या मुलखातली १४ रानं पिंजून काढली. पद्धत साधी: रानपिंगळ्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा नैऋत्य कोपरा मिळून चार ठिकाणी २५ पक्षी मिळाले. पंचवीस. तोरणमाळच्या पायथ्याशिवाय मेळघाटही त्यात होता, आणि पुढे मेळघाट हाच या पक्ष्याचा सर्वात भक्कम गड असल्याचं दिसून आलं.

त्यांनीच घरट्यांचा अभ्यास केला. विणीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. घरटं झाडाच्या ढोलीत, आणि ढोली स्वतः कोरायची ताकद या पक्ष्यात नाही. फांदी मोडून कुजलेली जागा किंवा सुतारपक्ष्यानं कोरून सोडलेलं भोक हवं. म्हणून सालई, मोई असली मऊ लाकडाची झाडं त्याला साग-ऐनाइतकीच लागतात. साग सरकारी हिशेबात मोलाचा, सालई-मोईला कोण विचारतो? रानपिंगळ्याचा संसार मात्र या बिनकिमतीच्या झाडांवर चालतो. अंडी थोडी, बहुधा दोन. साप, घोरपड, पोपट आणि इतर घुबडं ढोलीसाठी किंवा ढोलीतल्या खाऊसाठी टपलेली. त्यात आईबापांनीच आपलं पिल्लू खाल्ल्याचीही नोंद या अभ्यासात आहे. ऐकायला क्रूर वाटतं, पण टंचाईत घुबडांमध्ये हे घडतं. एवढंच कळतं की पिल्लं हाती लागण्याचं प्रमाण आधीच बेताचं आहे, वरून माणसाचा धक्का सोसायला फार जागा नाही.

गिरीश जठार यांनी पुढे सातपुड्यात बरीच वर्षं हा पक्षी अभ्यासला. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या खंडवा-बऱ्हाणपूरच्या कालीभीतच्या रानात त्याचा माग काढला. तिथे तो आहे, आणि अपेक्षेपेक्षा बरा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो आहे.

मग ऑक्टोबर २०१४ मध्ये सगळ्यांना चकवणारी नोंद आली तानसा अभयारण्यातून. मुंबईकर ज्या तलावाचं पाणी एकोणिसाव्या शतकापासून पितात, त्या तलावाभोवतीच्या शहापूर-वाड्याच्या रानात रानपिंगळा! सातपुडा नाही, चक्क पश्चिम घाटाचा पायथा. इथे पक्षीनिरीक्षकांच्या सहली वर्षानुवर्षं जात होत्या. पाहिलाच नव्हता, की पाहून साधा पिंगळा म्हणून वहीत लिहिला होता? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. माणूस जे असेल असं त्याला आधी सांगितलेलं असतं, तेच बघतो.

पाठोपाठ दक्षिण गुजरातेत डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातून नोंद आली. डांग म्हणजे त्या बदनाम मांडवीपासून फार दूर नाही. गंमत बघा, माइनर्ट्‌झहागेन यांनी थाप मारताना जागा अगदीच अशक्य निवडली नव्हती. म्हणून त्यांची चिठ्ठी खरी ठरत नाही, पण थापाड्याला आपला विषय कळत होता, एवढं मान्य करावं लागतं.

यादीतली जागा

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, लाल यादी रानपिंगळ्याला बरीच वर्षं 'अतिसंकटग्रस्त' म्हणत होती. नामशेष होण्याच्या अगदी आधीची पायरी. २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' गटात आणलं गेलं. तेव्हा कितीतरी ठिकाणी 'रानपिंगळ्याची संख्या वाढली' अशा आशयाचं वाचायला मिळालं. ते चूक आहे, आणि चूक कुठे होते हे नीट समजून घेण्याजोगं आहे.

लहान संख्येच्या आणि घटत जाणाऱ्या प्रजातींसाठी ही यादी ढोबळमानानं असा हिशेब करते: सगळे मिळून प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी, आणि कुठल्याही एका टापूत ५० च्या वर नाहीत, तर अतिसंकटग्रस्त. एकूण २,५०० पेक्षा कमी आणि एका टापूत २५० पर्यंत, तर संकटग्रस्त. १९९७ नंतरची काही वर्षं माहिती होती ती मोजक्या जागांची, त्यामुळे आकडा पहिल्या खणात पडत होता. मेळघाट, कालीभीत, यावल, तानसा, डांग अशा जागा जोडल्या गेल्या तसा अंदाज २५० ते ९९९ प्रौढ पक्ष्यांच्या घरात गेला. खण बदलला. पक्षी होते तिथेच होते, माणसं तिथे नव्यानं पोहोचली.

आणि यादीतल्या याच नोंदीत दुसरं वाक्यही आहे, जे बातमीत येत नाही: संख्येचा कल घटता आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. खिशात आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त पैसे निघाले, पण खिसा फाटकाच आहे.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर संरक्षण पुरेपूर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालणाऱ्या साइट्‌स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. पण हे संरक्षण पक्ष्याला मारण्या-पकडण्यापासून आहे. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेतून, मंत्रतंत्रासाठी होणाऱ्या शिकारीवर त्याचा उपयोग होतो, व्हायलाच हवा. ढोलीचं झाड जळालं किंवा तुटलं, तर या अनुसूचीचा काही उपयोग नाही.

शास्त्रीय नावाचा वादही मधल्या मध्ये मिटला, तो दोन ओळींत सांगतो. ह्यूम यांनी या पक्ष्यासाठी हेटरोग्लॉक्स हा वेगळा वंश कल्पिला होता. २०१८ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून तो आपल्या साध्या पिंगळ्याच्याच, अथीनी वंशाचा असल्याचं स्पष्ट झालं. भाऊबंद म्हटलं ते उगाच नव्हे.

तोरणमाळचा पायथा

आता जिथून सुरुवात केली तिथे परत येतो. शहादा-तळोदा-तोरणमाळ हा पट्टा राखीव जंगल आहे, अभयारण्य नाही. तळोद्याच्या वनजमिनीतलं चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी मोकळं केलं गेलं. नर्मदेत गाव बुडालेल्या आदिवासींना जमीन द्यायलाच हवी होती. पण ती रानातूनच का द्यावी लागली, हा प्रश्न घुबडानं नाही, सरकारनं सोडवायचा होता. एका धरणानं नर्मदाकाठी माणसं उठवली, ती माणसं सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याला आली, आणि तिथलं रान मागे सरकलं. याशिवाय शेतीसाठी झालेली अतिक्रमणं, सरपणाची आणि इमारती लाकडाची तोड, आणि दर उन्हाळ्यात लागणारे वणवे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तो विस्तव कधीकधी हाताबाहेर जातो. वणव्यात सर्वात आधी जातं ते वाळकं, पोखरलेलं झाड, म्हणजे नेमकं ढोलीचं झाड.

हा पक्षी शतकानंतर ज्या टापूत सापडला, तोच टापू आज मेळघाटाच्या तुलनेत कितीतरी कमजोर आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प असल्यानं वाघाच्या सावलीत घुबडाचंही भागतं. तोरणमाळला वाघ नाही, त्यामुळे सावलीही नाही. मेळघाटही निर्धास्त नाही, वरच्या तापीवरच्या सिंचन प्रकल्पाच्या प्रस्तावानं तिथल्या रानपिंगळ्याच्या अधिवासाची चिंता अभ्यासकांनी वेळोवेळी मांडली आहे.

उपाय काय, तर इथे माझं मत अनेक पक्षीप्रेमींना पटत नाही. सगळं रान कुंपणात घालून माणूस बाहेर काढा, हा मार्ग या पक्ष्यासाठी सरसकट लागू पडत नाही. रानपिंगळ्याला दाट, गच्च रान नको असतं. त्याला विरळ, उघडं, ऊन पोहोचणारं पानझडी रान लागतं, जिथे शेंड्यावरून जमिनीवरचा सरडा दिसतो. कालीभीतकडे तो शेतांच्या कडेलाही आढळला आहे. म्हणजे गुरं चारणाऱ्या, मोह वेचणाऱ्या माणसासोबत तो राहू शकतो. ढोलीची झाडं, मग ती वाळकी असोत की वाकडी, उभी ठेवली आणि शेतात उंदरांसाठी विष टाकताना हात आवरला, तरच. हे काम वनरक्षक एकट्यानं करू शकत नाही, ते पाड्यावरच्या माणसांशी बोलूनच होईल. वनहक्क कायद्यानं गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्या गावांच्या आराखड्यात सालईचं एक म्हातारं झाड राखायची नोंद असणं हे मला नव्या अभयारण्याच्या घोषणेपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. वृक्षारोपणाच्या मोहिमेत लावलेल्या रोपाला ढोली पडायला कितीतरी दशकं जावी लागतात, तेवढा वेळ या पक्ष्याकडे आहे की नाही, हा हिशेब कुणी करत नाही.

एक नवा त्रास आपल्याच लोकांकडून सुरू झाला आहे. ज्या ध्वनिमुद्रित आवाजानं अभ्यासकांनी पक्षी शोधले, तो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. फोटोसाठी विणीच्या दिवसांत तोच तोच आवाज वाजवला की नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय. तो शिकार सोडून भांडायला येतो, आणि ढोलीतली मादी उपाशी राहते. फोटो सुरेख येतो.

तेव्हा तानसाला किंवा मेळघाटाच्या कडेला जायचं असेल, तर मोबाइल खिशात ठेवून जावं. हिवाळ्यात, दव वाळत असताना, रानाच्या उघड्या कडेला थांबावं आणि झाडांचे वाळके शेंडे एकेक करून दुर्बिणीनं बघावेत. कुठलंही घुबड दिसलं की घाई न करता आधी डोकं बघायचं. ठिपके असतील, तर तो घराजवळचाच पिंगळा. नसतील, तर पोट आणि पाय बघायचे, तारीख आणि जागा वहीत लिहायची, आणि जागा खरी लिहायची.